गेटपास

जहाजाचा शाफ्ट तपासायला आला तो विम्याचा माणूस.
हेल्मेटवर नाव: टर्नर.
माझ्या ओळखपत्रावरही टर्नरच,
फक्त एक रकाना खाली,
धंदा लिहितात तिथे.

हिद्दच्या गोदीत ऑगस्टमध्ये
घाम गळत नाही, अंगावर थांबून राहतो.
चहा येईस्तोवर मी विचारलंच,
साहेब, लेथ येते का चालवता?

हसला. बोटं दाखवली, कीबोर्डची.
म्हणाला, पणजोबांचे पणजोबा कधीतरी
ओल्या लाकडाचे वाडगे कातायचे.
चिनीमातीच्या बशा महाग होत्या तेव्हा
सगळा गाव लाकडातच जेवायचा.
वर वाकवलेली फांदी, खाली पायटा, मधे दोरी.
शब्द मात्र फ्रान्सातून आलेला, नव्या धन्यांबरोबर.
मग राजाला पट्टी हवी झाली,
कारकून दारोदार फिरला.
एका गावात तीन जॉन.
कुठला जॉन?
तो कातणारा.
शाई वाळली.
पुढे पोरं शेतावर गेली, कोळशाच्या खाणीत गेली,
बँकेत चिकटली,
तरी कातणारीच राहिली.

त्याची एक आत्या मात्र अडून बसायची:
आपण कसले लाकूडकामवाले!
आपला पूर्वज पळत्या सशाला वळवायचा,
त्यावरून पडलं हे नाव.
आत्या सगळीकडे सारख्याच, मी म्हणालो.

मग माझं सांगितलं. कातारी, चांदवडचे.
लाटणी, पाळण्याचे खूर, भोवरे.
आजोबा एका हाताने धनुकली ओढत,
पटाशी पायाच्या अंगठ्यात धरत.
मी इथे उतरलो ते वर्ष असं
की कतारशी यांचं बोलणं बंद.
विमानतळावर माझं आडनाव वाचून
पाऊण तास बाजूला बसवलं,
मी कुठल्या देशाचा, हे मलाच चार वेळा विचारलं.

स्टोअरचे जाफर अल-खर्रात
पावत्यांवरून मान वर न करता म्हणाले,
खर्रात म्हणजे तरी दुसरं काय?
आणि मला आमचा 'खराद' आठवला,
इतकी वर्षं मी तो घरचाच शब्द समजत होतो.

टर्नरने जॅकेट काढलं. बघू का?
भंगारातला एक तुकडा चकमध्ये आवळला.
त्याचा हात चाकावर, माझा त्याच्या हातावर,
काप केसाइतका.
निळसर वेटोळं निघालं, कढत.
बोट भाजलं, तरी सोडेना.
रुमालात गुंडाळलं.

गेटवर दिलमुराद बलोच आडवा.
गोदीतला धातू पासाशिवाय बाहेर जात नाही,
मग तो कुणाच्या बापजाद्यांचा का असेना.
तर कागद केला.
माल: कीस, एक नग. किंमत: शून्य.
देणार: कातारी.
घेणार: टर्नर.
खाली धंद्याचा रकाना उरला.
इथे कुणाचा लिहू, दिलमुरादने विचारलं,
आणि मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.