पाठीमागचे हुक

लोकांनी हेस्टर लिंडक्विस्टला समोरून पाहिलं.
मी पाठीमागून.
एकवीस वर्षं.

पहिल्या नाटकात अठरा हुक होते.
हिरवा टाफेटा, दुसऱ्याच कुणा बाईच्या मापाचा.
श्वास आत घे म्हटलं की घ्यायची
आणि थेट मध्यंतराला सोडायची.
सेहेचाळीस साल, अठ्ठेचाळिसावा रस्ता.
तिच्या सगळ्यांत शांत प्रवेशात
रेडिएटर खोकायचा,
आणि ही अशी वस्ताद, की तोच खोकला
मेलेल्या नवऱ्याचा समजून हळूच मान वळवायची.
एका पेपरात त्या मानेवर चार ओळी छापून आल्या.
त्याच आठवड्यात रेडिएटर दुरुस्त झाला.

मिनेसोटाची. बाप धान्याच्या कोठारात, वजनकाट्याशी.
"टुली," म्हणायची, "हे वाक्य पाच पौंड जास्त भरतंय,
लेखकाने तराजूवर अंगठा ठेवलाय."
लेखकांना हे आवडायचं नाही.
न्यू हेवनला एका प्रयोगाच्या आठवड्यात
तिचं पात्र सोमवारी विधवा होतं,
बुधवारी घटस्फोटित,
शनिवारी नाटकात नव्हतंच.
हुक मीच काढले. चौदा.
ती आरशावरच्या तारा उतरवत होती,
शुभेच्छांच्या, अजून चिकटपट्टीही वाळली नव्हती.

मग ते नाटक. चारशे अकरा प्रयोग.
तिसऱ्या अंकात आईला मुलाचं पत्र येतं,
ती ते उघडून वाचते, आणि सभागृहात रुमाल निघतात.
पत्रात रोज मी लिहायचे धुण्याचा हिशेब:
उशांचे अभ्रे सहा, परकर दोन,
एक कॉलर, डाग गेला नाही.
त्यावर ती रडायची, रोज, त्याच जागी,
बुधवारी आणि शनिवारी दोनदा.

एका गुरुवारी स्क्रॅन्टनहून फोन आला.
तिसरी घंटा झालेली.
सांगायला कुणी नव्हतं, सगळे आपापल्या जागी उभे.
मी हिशेबाच्या खाली लिहिलं,
माझी आई आज दुपारी गेली.

खिडकीच्या रंगवलेल्या पडद्याला एक फट होती,
तिथून मला तिची पाठ दिसायची.
तिने पत्र उघडलं.
नाटकातलं एकेक वाक्य बोलली, जसंच्या तसं,
स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही.
फक्त वरून तिसरा हुक
आपोआप सुटला.

त्या रात्री ती रडली नाही. लोक म्हणाले,
आज बाईंचं काम जरा थंड होतं.
आत आली, बोलली काहीच नाही,
मला खुर्चीत बसवलं
आणि माझ्या एप्रनची गाठ सोडली.
गाठ घट्ट होती. दातांनी सोडली.

पुढचं काय सांगायचं.
आईच्या भूमिका संपून मावश्यांच्या आल्या,
मावश्यांनंतर दारातून येऊन
"डॉक्टर खाली थांबलेत" म्हणणाऱ्या बायका.
टेलिव्हिजनवाल्यांनी एकदा बोलावलं,
म्हणाले, चेहरा कमी हलवा.
ती म्हणाली, मी चेहरा हलवतच नाही,
मागच्या रांगेला चेहरा दिसतो कुठे.

मग झिप आली.
एक ओढ, की बाई तयार. निर्माता खूश,
म्हणाला, आता ड्रेसरचा पगार वाचेल.
हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं
आणि माझ्याकडून झिपवरच बारा हुक शिवून घेतले,
खोटे नाहीत, लागणारे.

टोलीडोला शेवटचा प्रयोग. बाहेर बर्फ,
आत साठ माणसं, त्यातली बरीच ओव्हरकोटातच.
ती डॉक्टर खाली थांबल्याचं सांगून आत आली,
नेहमीसारखी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.
मी वरून सुरुवात केली.
सातव्या हुकाला माझी बोटं अडकली, थंडीने,
थंडीनेच म्हणू या.
ती हलली नाही.

"टुली," म्हणाली,
"बस किती वाजताची आहे?"