पट्टी

आमच्या प्रयोगशाळेत एक बेडूक आहे.
पाठ खडबडीत, डोळे जुन्या तांब्याच्या नाण्यासारखे.
मार्चमध्ये, ओल्या रात्री, हमरस्त्याकडेच्या जाळीपाशी
मीच त्याला उचलून बादलीत टाकलं होतं.
दरवर्षी आम्ही गावातले आठदहा जण जातो,
गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून त्यांना तळ्याकडे पोचवतो.
बाकीचे सोडले. हा ठेवून घेतला.
परवानगीचा कागद आहे.

माझं काम सोपं.
काचेच्या नळकांड्यात त्याला बसवायचं
आणि बाहेरून काळ्या पुठ्ठ्याची पट्टी फिरवायची,
अडीच सेंटिमीटर लांब, काडेपेटीतल्या काडीएवढी रुंद.

आडवी धरून सरकवली
की तो अख्ख्या अंगानं वळतो,
दोन्ही डोळे रोखतो, पुढचे पाय ताठ करतो
आणि जीभ –
टप्,
काचेवर.
मग गिळतो. काय गिळतो?
काही नाही.
आणि ते गिळून झाल्यावर पुढच्या पायानं तोंड पुसतो,
भरपेट जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं.

तीच पट्टी उभी केली,
तोच काळेपणा, तोच वेग, तीच दिशा,
की त्याचा दगड होतो.
कधी पोट जमिनीला लावून बसतो, श्वास आवरून.
आडवी म्हणजे अळी.
उभी म्हणजे अळी नव्हे;
असलाच तर कुणाचा तरी पाय.

डॉक्टर वीगांट म्हणतात,
डोळ्यांच्या मागे मेंदूचं एक छप्पर असतं,
डोळ्यांनी आणलेलं सगळं तिथं येऊन पडतं
आणि तिथून दोनच वाटा फुटतात: झडप, नाहीतर दडण.
"हे काय आहे, असं बेडकाला कधी पडत नाही, इर्मट्राउड."
मी मान हलवते
आणि पट्टी पुन्हा आडवी करते.

फोल्कमार माझा थोरला भाऊ.
मारबुर्गच्या चढणींवर एकतीस वर्षं बस चालवली त्यानं,
आरशातून नुसत्या टोपीवरून माणूस ओळखायचा.
गेल्या हिवाळ्यात मेंदूत एक गुठळी अडकली
आणि डावीकडचं अर्धं जग गेलं.
डोळे ठणठणीत. तपासले.
गेलं ते मागे, डोक्याच्या पिछाडीला.
ताटात डाव्या बाजूचे बटाटे तसेच राहतात,
मी न बोलता ताट फिरवते,
तो म्हणतो, "अरे, अजून आहेत!"

रविवारी मी सफरचंदं सोलत बसले होते.
एक निसटलं, घरंगळलं,
टेबलाच्या डाव्या कडेवरून खाली –
आणि त्याचा हात गेला.
त्याला न विचारता गेला.
टप्,
तळव्यात.

"हे कुठून आलं?"
"तूच झेललंस."
"मी? मला तर काही दिसलं नाही."
खोटं बोलणं त्याला जमत नाही,
उशीर झाला तर माइकवरून खरं कारण सांगायचा,
प्रवासी चिडायचे.
डोळे असून आंधळा, असं म्हणतात.
याच्या उलट्याला काय म्हणतात
ते मला कुणी शिकवलं नाही.

सोमवारी डॉक्टरांना सांितलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, ते जुनं छप्पर आपल्यातही आहे,
वर मजले चढत गेले, एवढंच;
वरचे दिवे गेले, तरी खाली कुणीतरी जागं असतं.

म्हणजे फोल्कमारच्या आत कुणी आहे
ज्यानं सफरचंद पाहिलं
आणि फोल्कमारला कळवलं नाही.
आणि माझ्या आत?
गाडीखाली येणारा बेडूक उचलायला मी वाकते,
तेव्हा आधी कोण वाकतं?

त्या संध्याकाळी घरी आले तर
पट्टी कोटाच्या खिशात राहून गेली होती.
खरं सांगायचं तर, राहून गेली नव्हती.
मी त्याच्या डाव्या अंगाला खुर्ची ओढली.
बाहेर बर्फ नव्हता, पाऊस नव्हता, रेडिओवर हवामान चाललं होतं.
तो समोर बघत होता, हात मांडीवर, तळवा उघडा.

"काय करतेस तिकडे?"
"काही नाही."

खिशातल्या खिशात मी ती उभी केली,
आडवी केली,
उभी केली.