नवरात्रातल्या बेवारस चपला

पहिलं चाक प्रिंटरने नऊ तास विणलं
आणि फळीवर ते दीड मिनिटात हरलं.
गुळगुळीत, देखणं, सरांना दाखवायला छान.
मोटर फिरली, चाक फिरलं,
रोबो मात्र तिथेच,
निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यात ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखा.

दुसऱ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी. निघून आली.
तिसऱ्याला तीच पट्टी, जास्त गोंद.
चौथं झर्क्सिसच्या हातून जिन्यावर पडलं,
चाचणीआधीच फुटलेल्याला नंबर द्यायचा का
यावर अर्धा तास भांडण.
वहीत माझ्या अक्षरात आहे:
चौथे — पडले.

कलाभवनाच्या मागच्या व्हरांड्यात
आठ बाय चारचा प्लाय,
एका टोकाखाली विटा.
किती विटांवर घसरतं ते मोजायचं.
रद्दीवाल्याकडून दिवसाच्या बोलीवर आणलेला ताणकाटा,
त्याला रोबो बांधायचा, मी ओढायचं,
हिरलने आकडा वाचायचा.
सव्वा किलो.
नीट बघ.
सव्वाच आहे गं, काट्याला काय माझी ओळख आहे?

मकरपुऱ्यात रबराचा भाव ऐकला
आणि तिघांनी मिळून एकच चहा घेतला.

तेव्हा हिरलला आठवलं मैदान.
दसऱ्याच्या सकाळी, मांडव उतरवताना,
कडेला चपलांचा ढीग असतो
ज्यांना न्यायला कोणी येत नाही.
पोतं भरून आणल्या आम्ही.
जोडी एकही नाही.
डाव्या जास्त होत्या,
का ते आजवर कळलेलं नाही.

कटरने तळवे कापताना
एका निळ्या चपलेत अंगठ्याचा खळगा दिसला,
खोल, जुना, कोणाचा तरी.
तेवढा भाग मी वगळला.
याची वहीत नोंद नाही.

सातव्या चाकाने पाच विटा पेलल्या!
झर्क्सिस नाचला, काटा साडेचारला टेकला,
आणि मग आम्ही त्याला वळायला सांगितलं.
वळेना. उड्या मारू लागला,
चारी चाकांनी फळी धरून ठेवलेली,
अख्खा सांगाडा थडथडला,
एक स्क्रू कुठे गेला तो अजून सापडायचाय.
इतके दिवस धरायलाच शिकवत होतो त्याला.

रात्रीचे अकरा. आठव्याचा गोंद वाळत होता.
सुकायुं? झर्क्सिसने सतराव्यांदा विचारलं.
हिरल अनवाणी, झोप घालवायला,
आपल्याशीच तीन टाळीचा फेरा घेत होती.
मी जमिनीवर पाठ टेकून,
म्हणून मला फक्त तिची पावलं दिसली:
एक टाच रोवलेली,
दुसरं पाऊल नुसतं ओढत नेलेलं,
धुळीत त्याची अर्धगोल रेघ.
मीही लहानपणापासून असाच घेते हा फेरा,
दांडिया बाजारातून चालत जाऊन,
आई दरवर्षी "तुमचा गरबा" म्हणते
आणि आमच्याआधी तयार असते.
पण मी कधी खाली बघितलं नव्हतं.

मग भंगाराच्या खोक्यात हात घालून
ते पहिलं शोधलं, गुळगुळीत, हरलेलं.
त्याचा जोडीदार छापायला पुन्हा नऊ तास.
पुढे ती दोन, मागे चपलांची दोन.
सकाळी सव्वासातला रोबो वळला,
मागची टाच रोवून, पुढचं अंग सरकवत,
फळीवर पांढुरकी कमान काढत.
कोणी ओरडलं नाही.
हिरल म्हणाली, परत कर.
परत केलं.

स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरलो. बॅटरी.
चाकांचं काही नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगते,
न विचारणाऱ्यांनाही.

पोतं अजून व्हरांड्यात आहे, निम्मं.
वॉचमन फतेसिंगकाकांना त्यात
एक डावी मिळाली, नेमकी त्यांच्या मापाची.
रोज ड्यूटी संपली की
ते उजवी शोधतात.