पेरं

बिलावर लिहिलं होतं : नखं काढणे.
अक्षर माझंच.
स्टीलच्या ट्रेमध्ये मात्र दहा पेरं होती,
हाडासकट,
सोललेल्या वालांएवढी.

ऐरोली, सेक्टर आठ. बाई म्हणाल्या होत्या,
सोफा नवा आहे, हप्ते चालू आहेत.
डॉक्टर कर्णिकांनी पुढे काही विचारलं नाही.
मीही नाही. मी पंजे धरले.

महिन्याने बाई परत आल्या.
भोपळी वाळूत पाय ठेवत नाही म्हणे,
सोफ्यावरच मुतते.
पिशवीसकट काउंटरवर ठेवली तिला
आणि म्हणाल्या, खाली रिक्षा थांबलीय.

काल ठाण्याला चौकशी झाली.
डॉक्टर म्हणाले, मालकांची सही आहे.
बाई म्हणाल्या, मला काय कळतं,
डॉक्टर ते आहेत.
फायलीतून मान वर न करता साहेबांनी विचारलं :
नख म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

पंखा फिरत राहिला.
मी ओढणीखाली अंगठ्याने
माझी पेरं मोजत होते,
दिवा गावच्या शाळेत हिशेब करायचे तशी.
दर बोटाला टोकाच्या पेरापाशी
अंगठा थांबायचा.

मला कुणी काही विचारलं नाही.
पंजे धरणाऱ्याला फॉर्मवर रकाना नसतो.

भोपळी आता माझ्याकडे असते.
रात्री दाराच्या चौकटीला पुढचे पाय लावते,
अंग ताणते
आणि खरवडते, कितीतरी वेळ खरवडते.
आवाज येत नाही.
त्यानेच जाग येते मला.
सकाळी चौकटीवरून हात फिरवून बघते :
रंग तसाच, गुळगुळीत,
एक ओरखडा नाही.