दुखणं कोणाच्या नावावर

कंपनी वर्षाला चार हजार देते,
हातात नाही, मोबाइलमध्ये,
आणि तेही फक्त दुखण्यासाठी.
एकतीस मार्चच्या रात्री बारा वाजता
न दुखलेलं सगळं कंपनीकडे परत जातं.

मी वर्षभर आजारी पडायचं विसरले.
वायरिंगच्या लाइनवर
लाल, पिवळी, काळी,
लाल, पिवळी, काळी.
ताप आलाच तर रविवारी यायचा,
सोमवारी पहाटे पाचच्या बसआधी उतरायचा.

म्हणून एकतीसला, पहिली पाळी सुटल्यावर,
रांजणगाव शेणपुंजीत जमीलभाईंच्या मेडिकलसमोर
आम्ही आठ-दहा जणी,
एकाएकी तब्येतीची काळजी लागलेल्या.
चंद्रकला भराडेनं दोन थर्मामीटर घेतले.
"एक बिघडला तर?"
खोलीवर ती एकटीच राहते.

बिलाचा फोटो काढायचा,
मग अ‍ॅप सांगतं, औषध कशाला म्हणायचं.
बाम चालतो.
पॅड चालतात, गेल्या साली चालत नव्हते;
मधल्या काळात कोणीतरी साहेब
बायकोशी बोलला असावा.
खोबरेल नाही, ती म्हणे सजावट.
ओवा नाही, तो किराणा.
घनसावंगीच्या एसटीचं तिकीट मी टाकून पाहिलं नाही,
माझ्या निम्म्या दुखण्यावर तेच लागू पडतं तरी.

घनसावंगीच्या पुढं, फाट्यापासून आत,
सत्यभामाक्काची अंगणवाडी.
बावीस वर्षं फरशीवर मांडी घालून
दुसऱ्यांच्या लेकरांना अ आ इ.
आता उठताना खिचडीच्या पातेल्याला धरते,
पातेलं सरकतं, पोरं हसतात, तीही हसते.
तिच्या मानधनातून माझी आयटीआयची फी गेली,
तीन हप्त्यांत, एकही चुकला नाही.

नियमात चौकटी चार:
स्वतः, नवरा, मुलं, आईवडील.
बहिणीची चौकट नाही.

"गुडघ्याचे पट्टे द्या, दोन."
"साइज?"
"मोठी. नाही, त्याहून मोठी."
जमीलभाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं,
बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या.
"दुखता किसकू है, बेटा?"
"मेरेकूच," म्हणाले.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं,
काही न बोलता बिलावर माझं नाव घातलं,
सावकाश, सुवाच्य,
एखाद्या साक्षीदारानं सही करावी तसं.

अ‍ॅपनं विचारलं: दुखणं कोणाचं?
मी "स्वतः"वर बोट ठेवलं.
दोन सेकंदांत मंजूर.
माझं दुखणं इतक्या लवकर
माझ्या माणसांनाही कधी पटलं नव्हतं.

शेवटी अकरा रुपये उरले.
अकरा रुपयांचं माणसाला काय दुखतं?
जमीलभाईंनी बरणीत हात घालून
जखमेच्या चिकटपट्ट्या काढल्या, दोन-दोन रुपयांच्या पाच.
एक रुपया राहिला, तो कंपनीला जाऊ दिला.
तिलाही काही लागलं-खुपलं असेल.

पट्टे एसटीच्या कंडक्टरबरोबर गेले.
दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन,
"बसले गं बरोबर. तुला माप कसं ठावं?
अन् एवढे पैसे कामून घातले?"
"फुकटच होते," मी म्हणाले.
लहानपणी मी चिंचेखाली पडले, तेव्हा
त्याच गुडघ्यांवर बसून रडले होते, हे काही बोलले नाही.

जुलैत कंपनीची तपासणी झाली.
नवा डॉक्टर, पोरगेलासा, स्क्रीनवर वाचत गेला:
वय एकतीस, वजन त्रेचाळीस.
मग थांबला. एकदा माझ्याकडं, एकदा स्क्रीनकडं.
"तुमच्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे?"

"बरे आहेत," मी म्हणाले,
"परवा टाकीवरून पाणी घेऊन आले.
पातेलं लागत नाही आता उठायला."

त्यानं लिहून घेतलं.