पदरचा शेवट

जुलैत मोन्तेविदेओला नदीवरून वारा निघतो
तो थेट माणसाच्या कॉलरमध्ये बिऱ्हाड करतो.
मंडळाची खोली कुलपांच्या दुकानावर.
हीटर एकच, तोही ओलेगारियोच्या पायाशी,
कारण अध्यक्ष तो. दातांचा डॉक्टर.
वाद घालतानाही समोरच्याला 'आ' करायला लावतो.

यादी दहाची. साऱ्या काळातले, साऱ्या देशांतले
दहाच सिनेमे. नऊ ठरले,
म्हणजे तीन रविवार गेले, एबे दोनदा रडली,
एकदा पर्स उचलून जिन्यापर्यंत गेली
आणि छत्री राहिली म्हणून परत आली.
महान म्हणजे काय, हे विल्मारने काढलं
तेव्हा थर्मासातलं पाणी संपलं होतं, मातेचा नुसता चोथा उरलेला.
तो म्हणे, पुन्हा पाहवतो तो.
एबे म्हणे, पुन्हा पाहवत नाही तो.
ओलेगारियो म्हणे, ज्याच्यामुळे पुढचे सगळे झाले तो.
"म्हणजे पणजोबा," विल्मार म्हणाला.

दहाव्या जागेसाठी माझा भाऊ उभा राहिला.
एलादियो. नवव्या वर्षी गोवराने डोळे नेले त्याचे.
अकराव्या वर्षी मी त्याला थिएटरात नेला.
मी चौदाची. मागची रांग, माझं तोंड त्याच्या कानाशी;
खालची अक्षरं वाचायची, वरचं चित्र सांगायचं,
पुढच्या बाईचं शुक् शुक् गिळायचं.

उत्तरेकडच्या कुठल्याशा देशाचा सिनेमा.
गोठलेलं तळं, एक मास्तरीण, तिचा घोडा.
शेवटी घोडा एकटाच तळ्यावरून निघतो

"आणि पलीकडे पोचतो!" एलादियोने टेबलाची कड धरली.
"नाकातून वाफ. पोरं गप्प.
एक पोरगं आपली टोपी काढतं
आणि घोड्याच्या कानावर घालतं. बस्स, अंधार.
तुमच्या नवांत आहे असं काही?"

विल्मारने चष्मा पुसला. वाईट माणूस नाही तो.
"टोपी नाहीये रे त्यात.
बर्फ फुटतो. घोडा बुडतो.
मग पाणी. बराच वेळ नुसतं पाणी.
दोनदा पाहिलाय मी."

"पाहिलास, म्हणून विसरलास.
मी ऐकलाय."

"नेल्बा," ओलेगारियो माझ्याकडे वळला, "तू होतीस ना?"

होते.
पडद्यावर पाणी आलं तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता,
शेंगदाण्यांच्या मिठाने खरखरीत.
काय होतंय? नेल्बा, काय होतंय?
मी त्या काळ्या पाण्याकडे बघत बघत
पदरचा घोडा बाहेर काढला,
ओला, जड, थरथरता.
टोपी कुठून आली देव जाणे,
पुढच्या रांगेत कुणीतरी घातली असेल.
नंतर किती वेळा सांगितला तो शेवट,
तापात, परीक्षेच्या आदल्या रात्री,
आई गेली त्या आठवड्यात तर रोज,
काना-मात्रेचा फरक न करता.

हीटर टिकटिकत होता.
आता खरं सांगायचं म्हणजे
त्या घोड्याला माझ्याच हातांनी बर्फाखाली ढकलायचं.

"टोपी लोकरीची होती," मी म्हणाले.
"डाव्या कानावर."

विल्मारने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.
मग म्हणाला, मी पाहिली ती प्रत कापलेली असेल.
कापायचे त्या काळी.
एबेने दहावं नाव लिहिलं,
मध्येच थांबून पेनाच्या टोकावर फुंकर घालत.

परतताना रस्त्यावर चिटपाखरू नाही.
एलादियोचा हात माझ्या कोपरात, काठी बगलेत.
दोन चौक काही बोलला नाही.
मग म्हणाला, "उजव्या."
"काय उजव्या?"
"कानावर. पंचावन्न वर्षं तू उजवा सांगत आलीस."

बस आली.
पायरी आहे, मी म्हटलं.
तो चढला.