काठ कुठे असेल

शनिवारी पहाटे साडेचारला निघायचं, असं मी म्हणते.
ढमढेरे मामा म्हणतात चार.
"सूर्य काय पीएमटी आहे का, शमे, उशिरा यायला?"

टेबलावर सगळं पसरलंय:
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पानशेतचा नकाशा,
दोन बॅटऱ्या, त्यातली एक फुगलेली,
तिपाई, जिचा तिसरा पाय सुतळीने बांधलाय,
आणि डॉक्टरांची चिठ्ठी:
डावा डोळा. बुधवार. केस धुऊन यावे.

अडतीस वर्षं त्यांनी लग्नं काढली.
अंतरपाट धरणाऱ्यांना दटावलं,
हार घालता घालता नवऱ्याला थांबवलं,
"इकडे बघा" म्हणत म्हणत आवाज बसवून घेतला.
मी मागे लाइटची छत्री धरून उभी,
एकोणीस वर्षांची, जेवणाच्या वासाने हैराण.
झाडाला किंवा पाण्याला "इकडे बघा" म्हणायची
वेळच आली नाही, म्हणतात.

आता त्यांना पानगळ हवी आहे.
मुलीने पाठवलेत तिकडचे फोटो,
तळ्याच्या कडेने पेटल्यासारखी झाडं,
आणि ती पेटलेली झाडं पाण्यात पुन्हा एकदा.

मामा, आपल्याकडे ऑक्टोबरात पानं नाही गळत.
ऐन अजून हिरवागार असेल.
कुसुंब लाल होतो तो शिमग्याच्या आगेमागे,
आणि तोही कोवळ्या पालवीने. उलटाच कारभार.
या दिवसांत इथे पिकतं ते गवत,
आधी तुरे, मग पाती,
मग अख्खी टेकडी कडेकडेने
पापडासारखी भाजत जाते.

"गवत तर गवत. रंग बदलतो ना? मग झालं."

खरी पंचाईत पाण्याची.
त्यांच्या डोक्यातला काठ मे महिन्यातला,
तो सपाट खडक, बसायला, डबा उघडायला.
धरण भरलंय. खडक असेल दहा पुरुष खाली,
माशांची सहल तिथे.
काठ वर सरकलाय, बाभळींत शिरलाय,
कुणाच्या नाचणीच्या बांधाला टेकून बसलाय.
मी पेन्सिलने रेघ ओढते, खोडते,
जरा वर ओढते.

मग मला न राहवून मी म्हणून टाकते:
ऑपरेशननंतर जाऊ ना. स्वच्छ दिसेल.

ते चष्मा काढून सदऱ्याला पुसतात,
पुसून काही होणार नाही हे दोघांना माहीत असताना.
"आत्ता तुझी पांढरी ओढणी मला दिसते
हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी.
ट्यूबलाइट तुपाची.
दोन वर्षं झाली, माझ्या डोळ्यातच पिकलंय सगळं.
बुधवारी ते काढून फेकतील.
त्याआधी त्याला एकदा
त्याच्या गावी नेऊन आणतो."

पण मामा, कॅमेऱ्याला कुठे मोतीबिंदू आहे?
तुमचा पिवळा फोटोत येणार नाही.

"म्हणून तर तुला नेतोय.
मी रंग सांगेन, तू लिहून घे.
तीन आठवड्यांनी पुन्हा जायचं,
तीच जागा, तीच वेळ, तेच सेटिंग.
मग वही उघडायची."

तोवर पाणी हातभर उतरेल, मी म्हणते.
तीच जागा तिथे नसेल.

ते गप्प. मग फुगलेली बॅटरी उचलून
कानाशी हलवून बघतात,
नारळ बघावा तशी.

भावाने व्हॅन दिली तर व्हॅन, नाहीतर स्कूटर,
तिपाई त्यांनी मागे भाल्यासारखी धरायची.
खडकवासल्याला थांबायचं नाही,
येताना भजी, जाताना नाही, यावर एकमत.
पिशवीत वही, दोन पेन्सिली, खोडरबर.

रात्री अकराला फोन.
"स्वेटर घे. पाण्याजवळ गार असतं.
आणि ती पांढरी ओढणी. दोन्ही वेळा तीच.
मधे धुवू नकोस, शमे,
नीळ घालशील,
मग माझा हिशोब चुकेल."